पुलावरून पालखी, पुलाखालून पाणी

शंकाकार : ज्येष्ठाच्या वद्य पक्षात तुकोबांची पालखी आकुर्डीचा मुक्काम हलवून पिंपरी, कासारवाडी, दापोडी अशी वाट धरते आणि मुळेवरचा हॅरिस पूल ओलांडून पुण्याकडे जाते, तेव्हा रस्त्याच्या कडेला हात जोडून उभे राहणाऱ्यांत मीही असतो, हे तुम्ही पाहिलेले आहे, म्हणून माझ्या शंकेचे मूळ उपहासात आहे असे तुम्ही मानणार नाही, अशी माझी खात्री आहे. वारी भव्य आहे, शिस्तबद्ध आहे आणि तिच्यात चालणाऱ्या म्हाताऱ्या बाईच्या चेहऱ्यावर जे समाधान दिसते ते विकत मिळणारे नाही, हे सारे मला मान्य. परंतु त्या दिवशी वर्तमानपत्रांतून, व्यासपीठांवरून आणि चौकाचौकांतल्या फलकांवरून एक विधान इतक्या सहजपणे केले जाते की त्याची कोणी तपासणीच करीत नाही : वारीत जात उरत नाही, लहानमोठा उरत नाही, सारे एकमेकांच्या पाया पडतात. इरावतीबाई कर्वे वारीला गेल्या आणि त्यांनी ‘वाटचाल’ हा लेख लिहिला, त्यात याच विधानाची परीक्षा आहे. वाटेवरच्या सोबतीने त्यांचे मन भरून आले होते, महाराष्ट्राची ओळख त्यांना त्या वाटेवर पटली होती; पण एकाच दिंडीत दिवसभर बरोबर चालणारी माणसे जेवणाच्या वेळी जातवार वेगळी होतात, हे पाहून त्यांना झालेले दुःखही त्यांनी लपविले नाही. त्यानंतर पंगतींचे स्वरूप पुष्कळ बदलले असेल; तरीही माझा प्रश्न शिल्लक राहतो. एकत्र चालणे आणि एकत्र नांदणे यांतले अंतर जर अडीचशे किलोमीटर चालूनही तुटत नसेल, तर या चालण्याचा आपण इतका गौरव नेमका कशासाठी करतो?

माळकरी : वारीच्या खात्यावर तुम्ही जे देणे मांडता, ते तिने आपल्या हाताने कधी लिहून दिले होते काय, हे प्रथम पाहिले पाहिजे. तुकोबांच्या घराण्यात वारी त्यांच्या पूर्वजांपासून चालत आलेली. त्यांचे चिरंजीव नारायणमहाराज यांनी 1685 साली वडिलांच्या पादुका पालखीत ठेवल्या, आळंदीस जाऊन ज्ञानोबांच्या पादुका बरोबर घेतल्या आणि दोघांच्या नावांचा एकत्र गजर करीत पंढरीची वाट धरली. पुढे एकोणिसाव्या शतकात आरफळच्या हैबतबाबांनी आळंदीचा सोहळा स्वतंत्र उभा केला, अंकलीच्या शितोळे सरकारांनी अश्व आणि तंबू दिले, आणि ज्याला आज आपण पालखी सोहळा म्हणतो त्याची घडी बसली. या घडीत क्रम आहे, मान आहे, वहिवाट आहे. रथापुढच्या दिंड्या कोणत्या, रथामागच्या कोणत्या, कोणाचा क्रमांक कितवा, रथाला यंदा कोणाची बैलजोडी, काटेवाडीला धोतरांच्या पायघड्या कोणी घालायच्या, मेंढ्यांचे रिंगण कोठे धरायचे, हे सारे शिरस्त्याने ठरलेले असते. सर्वांना एका मापाने मोजण्याची प्रतिज्ञा करून हा सोहळा निघालेला नाही. त्याने प्रत्येकाला एक जागा दिली आणि त्या जागेवर उभे राहून देवाकडे चालत जा, एवढेच सांगितले. वीणेकऱ्याने वीणा भुईवर ठेवायची नाही, तुळस डोक्यावर घेतलेल्या बाईने दिंडी सोडायची नाही, टाळकऱ्याने पाऊल चुकवायचे नाही : इतक्या साध्या नियमांवर लाखो माणसे एका दिशेने चालतात, हे मला कोणत्याही जाहीरनाम्यापेक्षा मोठे वाटते.

आणि ज्या देवाकडे चालायचे तो देव कसा आहे, तेही लक्षात घ्या. त्याच्यापुढे नवससायासाची मोठी यादी वाचावी लागत नाही. गाभाऱ्यात जाऊन त्याच्या प्रत्यक्ष पायांवर डोके टेकण्याची मुभा सामान्य माणसाला आहे. आषाढीच्या यात्रेत देवाचा पलंग काढतात, म्हणजे देवाने निजायचे नाही. उभा राहून थकेल म्हणून पाठीशी लोड देतात, दर्शन अहोरात्र चालते, आणि यात्रा सरली की प्रक्षाळपूजेला त्याचा शीण घालविण्यासाठी काढा देतात. भक्त चालून थकतो आणि देव उभा राहून थकतो, ही कल्पना ज्या लोकांनी पिढ्यान्पिढ्या सांभाळली, त्यांनी देव आणि माणूस यांतले अंतर किती कमी केले याचा विचार करा. माणसामाणसांतले अंतर कमी करण्याचे काम यातूनच सुरू होते. ते येथेच पुरे होते, असे मी म्हटलेले नाही.

शंकाकार : परंतु त्या पायांपर्यंत पोहोचण्याची मुभा ‘सामान्य माणसाला’ आहे असे तुम्ही म्हणालात, तेव्हा त्या सामान्य माणसांच्या गणतीत कोण धरला जात होता, हे सांगण्याचे तुम्ही टाळलेत. चोखोबा मंगळवेढ्यास गावकुसाच्या कामावर भिंत कोसळून गेले. परंपरेप्रमाणे ते साल 1338 चे. त्यांची समाधी महाद्वारी, नामदेव पायरीसमोर आहे. संप्रदायाने त्यांना संत म्हटले, त्यांचे अभंग गायिले, त्यांच्या समाधीला नमस्कार करूनच आत जायचे असा प्रघातही पाडला. आणि त्यांच्या जातीच्या माणसांना मात्र त्या पायरीच्या पलीकडे सहाशे वर्षे पाऊल टाकू दिले नाही. पंढरपूरचे मंदिर अस्पृश्य मानलेल्यांना खुले झाले ते 1947 च्या मे महिन्यात, साने गुरुजींनी दहा दिवस उपोषण केल्यानंतर. त्या सहाशे वर्षांत वारी चालतच होती. प्रत्येक आषाढीला दिंड्या त्या समाधीपाशी नतमस्तक होत होत्या, आणि ज्यांच्या पूर्वजाला नमस्कार केला त्यांना बाहेर ठेवून आत जात होत्या. मंदिराच्या कारभाराचीही तीच कथा. बडवे, उत्पात आणि सेवाधारी यांचे वंशपरंपरागत हक्क रद्द करण्यासाठी 1973 साली विधिमंडळाला कायदा करावा लागला, त्यावर दावे चालले, 1985 पासून कारभार समितीच्या हाती आला, आणि अखेरचा निवाडा सर्वोच्च न्यायालयाकडून लागायला 2014 चा जानेवारी उजाडला. दार उघडले ते उपोषणाने, हक्क मोडले ते कायद्याने. मग वारीने काय केले? इतक्या मोठ्या संख्येने, इतक्या प्रेमाने, इतक्या वेळा त्या दाराशी आलेल्या लोकांना ते दार बंद असल्याचे दिसले नाही, असे कसे म्हणायचे?

माळकरी : दिसले नाही असे नाही, दिसूनही पुष्कळांनी सोसले, आणि ते सोसणे दोषास्पद होते, हे मी तुमच्याबरोबर म्हणतो. पण साने गुरुजींना तुम्ही वारीच्या बाहेर उभे करता, ते मला मान्य नाही. आळंदीच्या सोहळ्यात एक रिवाज आहे, तो तुम्ही पाहिला नसेल तर एकदा अवश्य पाहा. संध्याकाळी मुक्कामाच्या ठिकाणी समाजआरती होते. साऱ्या दिंड्या पालखीभोवती जमून उभ्या असतात, टाळांचा कल्लोळ चाललेला असतो. चोपदार हातातला चोप उंच धरतो आणि ते हजारो टाळ एकदम थांबतात. मात्र ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती आपले टाळ थांबवीत नाही. साऱ्या तळावर शांतता आणि एका कोपऱ्यातून टाळांचा आवाज, अशी स्थिती होते. चोपदार तिकडे जातात, कैफियत ऐकून घेतात, काय करायचे ते ठरते, आणि मगच ते टाळ थांबतात. पुढे हरवल्यासापडल्याची खबर, उद्याच्या मजलेची वेळ, आणि मग आरती. एका तक्रारीसाठी लाखोंनी थांबायचे, आणि ती ऐकल्यावाचून देवाची आरतीही करायची नाही, असा हा शिरस्ता आहे. दिवाणी कचेरीत फिर्यादीला वर्षानुवर्षे तारखा मिळतात. येथे उघड्या माळावर, त्याच संध्याकाळी, देवासमक्ष सुनावणी होते.

गुरुजींनी हेच केले. त्यांनी उपोषण मांडले ते पंढरपुरातच, तनपुरे महाराजांच्या मठात, म्हणजे वारकऱ्याच्याच घरी. इतर सर्वांचे टाळ थांबले असता त्यांनी आपला टाळ चालू ठेवला, आणि दहा दिवसांनी का होईना, दार उघडावे लागले. ज्या परंपरेत तक्रारीचा आवाज पूजेच्या आधी ऐकायचा असतो, त्या परंपरेतच असे उपोषण लोकांच्या अंतःकरणाला भिडू शकते. नुसत्या कायद्याने दार उघडले असते, तर आत जाणाऱ्याच्या पाठीवर किती डोळे रोखलेले राहिले असते! कायदा कुलूप काढतो. आत आलेल्याला आपला म्हणण्याचे काम गुरुजींसारखी माणसे करतात, आणि अशी माणसे या वाटेवरच घडली.

शंकाकार : तुम्ही सांगितलेला रिवाज सुंदर आहे, आणि आजवर वारीच्या बाजूने ऐकलेल्या साऱ्या युक्तिवादांत मला तोच सर्वांत भक्कम वाटतो, म्हणूनच मी तो तपासून पाहणार आहे. टाळ चालू ठेवण्याचा अधिकार कोणाला आहे? ज्या दिंडीला सोहळ्यात क्रमांक आहे तिला. चोखोबांना दाराच्या आत क्रमांक नव्हता. त्यांनी आपल्या अभंगांत केलेला आक्रोश सर्वांनी गायिला, पण ती फिर्याद म्हणून कोणत्याही चोपदाराने नोंदवून घेतली नाही. सहाशे वर्षांनी ती ऐकली गेली ती ब्राह्मण कुळात जन्मलेल्या एका शिक्षकाने प्राण पणाला लावले तेव्हा. म्हणजे ज्याचे दुःख त्याचा आवाज पुरेसा नव्हता. आवाजाला मान असलेल्या कोणाचा तरी कंठ लागला.

आणि ज्यांना हे कळून चुकले, त्यांनी दुसरा मार्ग धरला. देहू गावापासून देहूरोड फार दूर नाही. तेथे 25 डिसेंबर 1954 रोजी बाबासाहेब आंबेडकरांनी बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली, आणि पंढरपूरची मूर्ती ही मुळात बुद्धाची आहे, असे आपले मतही त्यांनी तेव्हा मांडले. याच बाबासाहेबांनी 1920 साली ‘मूकनायक’ काढले, तेव्हा त्याच्या मुखपृष्ठावर शीर्षस्थानी तुकोबांचे शब्द घेतले होते. तुकोबांपासून आरंभ करून त्यांना अखेर बुद्धाकडे जावे लागले, या एका प्रवासात वारीवरची सर्वांत गंभीर टीका सामावलेली आहे, असे मी समजतो. तुमच्या त्या तळावर ज्यांचा टाळ कोणी ऐकलाच नाही, त्यांनी किती शतके तो वाजवीत बसायचे होते?

माळकरी : त्यांनी बसायला नको होते, आणि ते बसले नाहीत, त्यांच्या जाण्याला मी कृतघ्नता म्हणणार नाही. परंतु तुम्ही सांगितलेल्या गोष्टीत आणखी एक अर्थ आहे, तो निसटू देऊ नका. बाबासाहेबांनी विठोबाचा नुसता त्याग केला नाही, त्याच्यावर दावा सांगितला : हा आमचाच होता. रा. चिं. ढेरे यांनी 1984 साली ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’ हा ग्रंथ लिहिला, त्यात या देवाच्या अंगी गवळी-धनगरांचा देव, वैष्णवांचा देव, बौद्ध-जैनांच्या श्रद्धांचे धागे, असे किती प्रवाह येऊन मिळाले आहेत, याचा विस्ताराने शोध घेतला आहे. ज्याच्यावर इतके लोक आपला म्हणून हक्क सांगतात, त्या देवाचा सातबारा कोणा एकाच्या नावावर करता येत नाही. आणि संप्रदाय म्हणून आमची चूक झाली ती हीच की काही काळ आम्ही तो तसा करू दिला. फिर्याद करण्याचा अधिकार कोणाला, हा तुमचा प्रश्न मी मान्य करतो. मात्र तो प्रश्न तुम्ही केवळ भूतकाळाशी बांधून ठेवू नका. आज या घडीला असा कोण आहे, की ज्याची तक्रार आहे आणि ज्याला क्रमांक नाही?

शंकाकार : आहे, आणि तो शोधण्यासाठी आपल्याला दापोडीची वेस ओलांडावी लागत नाही. पुलावर उभे राहून खाली पाहिले म्हणजे झाले. सह्याद्रीवरून मावळात उतरलेली पवना चिंचवडास मोरया गोसावींच्या समाधीवरून येते आणि येथे दापोडीस मुळेला मिळते. मुळा पुढे पुण्यात मुठेला मिळते, दोघी मिळून भीमेला जातात. तिकडे देहू-आळंदीची इंद्रायणी तुळापुरास त्याच भीमेला मिळते. भीमेचे पाणी उजनीच्या जलाशयात साठते, तेथून सोडले की पंढरपुरास पोहोचते, आणि त्या गावी वळण घेताना त्याच भीमेला चंद्रभागा म्हणतात. पालखीची वाट आणि पाण्याची वाट दोन्ही इंदापूरच्या आसपास पुन्हा एकमेकींच्या जवळ येतात. म्हणजे आपल्या गावावरून पंढरीला दोघांचे प्रस्थान होते : पुलावरून तुकोबांच्या पादुका जातात, आणि पुलाखालून आपले सांडपाणी.

हे सांडपाणी कोणाचे? 1954 साली पिंपरीत पेनिसिलिनचा सरकारी कारखाना आला, त्यामागून मोटारी, इंजिने, यंत्रे, औषधे यांचे कारखाने आले, भोसरीपासून चाकणपर्यंत शेते संपली, 1982 साली महानगरपालिका झाली, आणि गावांचे शहर बनले. या कारखान्यांनी महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यांतून आलेल्या माणसांना भाकरी दिली, हे नाकारणारा मी नव्हे. येथल्या वारकऱ्यांच्या घरांतही तीच भाकरी शिजते. पण त्या वस्तीच्या मैल्यातला काही भाग प्रक्रिया होऊन आणि काही तसाच नदीत गेला, रसायने गेली. पवनेवर जलपर्णीची हिरवी चादर पसरते, आळंदीला इंद्रायणीवर फेस दिसतो, उजनीचे पाणी हिरवे पडते. ज्या इंद्रायणीने तुकोबांची गाथा तारली असे आपण सांगतो, तिच्याच काठी उभे राहून वारकऱ्याने हातात फेस घ्यावा, आणि आषाढी एकादशीला चंद्रभागेत बुडी मारताना आपल्याच गावचे पाणी डोक्यावर घ्यावे, याहून मोठी फिर्याद कोणती? या नदीला क्रमांक नाही. यात्रेत पंढरपुरात साचणारी घाण ज्यांनी पिढ्यान्पिढ्या हातांनी उचलली, त्या सफाई कामगारांनाही नव्हता. त्यांच्यासाठी उच्च न्यायालयाला हुकूम द्यावे लागले. इतकी शतके ‘स्नान’ हे पुण्य मानणाऱ्या संप्रदायाने स्नानाच्या पाण्यासाठी एकदाही आपला टाळ चालू ठेवलेला माझ्या ऐकिवात नाही. उलट मला अशी भीती वाटते की नदीला पवित्र मानल्यामुळेच ती मलिन होऊ शकते, ही गोष्ट आपल्या मनाला शिवत नाही.

माळकरी : तुमची शेवटची भीती मी खोडून काढू शकत नाही, पण तिची दुसरी बाजू सांगतो. जिला कोणी पवित्र मानले नाही अशी नदी नाला झाली, तर तिच्यासाठी रडणारे कोणी नसते. राज्य सरकारने 2016 साली ‘नमामि चंद्रभागा’ या नावाने योजना जाहीर केली, ती तिच्या पाठीशी वारकऱ्यांची श्रद्धा होती म्हणूनच. त्या योजनेने काय साधले हा हिशेब तुम्ही अवश्य मागा, परंतु ती काढण्याची निकड श्रद्धेनेच उत्पन्न केली. मुक्कामांवर फिरती शौचालये आली, ‘निर्मल वारी’चे स्वयंसेवक आले, पूर्वी ज्या तळांवरून दुसऱ्या दिवशी नाक धरून जावे लागे ते तळ बदलले. हे सारे लहान आहे, पण वारीच्या पोटातच झाले आहे.

आणि वारी थांबू शकते, हेही आपण पाहिले आहे. 2020 साली आणि पुन्हा 2021 साली साथीच्या दिवसांत पायी वारी झाली नाही, पादुका एस. टी.च्या गाडीतून पंढरपुरास गेल्या. आपल्या गावी एस. टी.ची मध्यवर्ती कार्यशाळा आहे. गाडीच्या सांगाड्यांवर हात चालविण्यात ज्यांची हयात गेली, अशी माणसे येथे घरोघर आहेत. तुकोबा गाडीत बसून गेले, हे त्या वर्षी त्यांना काय वाटले असेल, याची कल्पना तुम्हीच करा. ज्यांच्या घराण्यात आजोबा-पणजोबांपासून एकही वारी चुकली नव्हती, अशा लोकांनी त्या दोन वर्षांत उंबऱ्याशी उभे राहून हात जोडले आणि दुसऱ्याच्या जिवासाठी आपला नेम मोडला. ज्या संप्रदायाला नेम इतका प्रिय, त्याने तो मोडण्याचे धैर्य दाखविले, याचा अर्थ लोकहितासाठी त्याला हाक मारली तर तो ऐकतो. तुम्ही म्हणता ती हाक कोणी नीट मारलेलीच नाही.

शंकाकार : त्या दोन वर्षांत हाक नव्हती, हुकूम होता, आणि हुकूम ऐकणे व आपण होऊन टाळ चालू ठेवणे यांत महदंतर आहे. पण क्षणभर तुमचे म्हणणे खरे धरू. समजा, एखाद्या वर्षी एका दिंडीने ठरविले की नदीची तक्रार आपण मांडायची, आणि संध्याकाळच्या आरतीला तिने टाळ थांबविले नाहीत. चोपदार आले. त्यांनी कैफियत ऐकली. आता ते कोणाकडे जातील? दिंड्यांतली तंटेबखेड्याची प्रकरणे सोहळ्याच्या मालकांना मिटविता येतात. जागा, पाणी, क्रम, तंबू एवढाच त्यांचा अंमल. नदीचा मामला महानगरपालिकेच्या दफ्तरात आहे, प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या दफ्तरात आहे, पाटबंधारे खात्याच्या दफ्तरात आहे, कारखान्यांच्या आवारांत आहे, आणि खरे सांगायचे तर तुमच्या-माझ्या मोरीत आहे. पालखीच्या दिवशी पहिली पाळी बुडवून जो कामगार केळी वाटतो, त्याच्याच घरचे पाणी नाल्यात जाते. फिर्यादी आणि आरोपी एकाच माणसाच्या पोटी आहेत. देवासमक्ष होणारी तुमची सुनावणी माणसामाणसांतल्या तंट्यासाठी उत्तम. ज्या अन्यायाला एक असा कर्ता नाही, त्याच्यापुढे ती निरुपाय होते. वारकऱ्याचे व्रत माणसाला बांधते : माळ घाल, एकादशी कर, खोटे बोलू नकोस, मद्यमांस वर्ज्य कर. या व्रतांत नाला कोठे बसतो?

आणखी एक गोष्ट पाहा. दोन नद्यांच्या संगमाशी वसलेल्या या गावात आपण वारकऱ्याला पाणी देतो, ते प्लास्टिकच्या बाटलीतून देतो. तो ती घेतो, ‘माऊली’ म्हणून नमस्कार करतो आणि पुढे जातो. तुमच्या गावाला नदी असताना मला बाटली का, असे तो विचारीत नाही.

माळकरी : विचारणार नाहीच. मिळेल ते घ्यावे, यजमानाचे उणे काढू नये, हा त्याचा धर्म आहे. त्या धर्मामुळेच तो अनोळखी गावांतून निर्धास्त जाऊ शकतो. तुम्ही त्याच्या हातात टाळाऐवजी निवेदनाचा कागद द्याल, तर दुसऱ्या वर्षी त्याच्यामागे चार पक्षांचे झेंडे लागतील, तिसऱ्या वर्षी झेंड्यांची दिंडी निघेल आणि त्यांच्यातही पुढे कोण, मागे कोण याचे तंटे सुरू होतील. पुढाऱ्यांच्या फलकांनी हा रस्ता आताच भरून जातो. वारीला चळवळ करू नका, अशी माझी कळकळीची विनंती आहे. चळवळी पुष्कळ होतील, वारी मोडली तर पुन्हा बांधता येणार नाही.

परंतु तुमच्या बाटलीने मला एका जागी अडविले आहे. आजवर मी चालणाऱ्याच्या व्रताचा विचार केला; जो चालत नाही, वाटेवर राहतो आणि चालणाऱ्याचे आतिथ्य करतो, त्याला काही व्रत आहे की नाही, याचा विचार केला नव्हता. दापोडीतून वारी जाते, पण पाळी, नोकरी, मुलांची शाळा यांमुळे आपल्यातले थोडेच चालत जातात. आपण या परंपरेत आहोत ते यजमान म्हणून. यजमानाने अतिथीला स्वच्छ पाणी द्यावे, एवढे साधे कर्तव्य जर आपण बाटली विकत घेऊन उरकत असू, तर यजमानपणाचा मान घेण्याचा आपला हक्क कमी होतो, हे मला दिसते. मात्र ही तक्रार चालणाऱ्याने यजमानाविरुद्ध करावी, की यजमानाने आपणच आपल्याविरुद्ध करावी, हे माझ्या मनात ठरत नाही. पहिल्याने वारीचे सौजन्य जाईल; दुसऱ्यासाठी या गावाजवळ ना चोपदार आहे, ना आरती थांबवून ठेवण्याची रीत.

शंकाकार : ते ठरविण्यापूर्वी एवढे सांगा. चोखोबांच्या वेळी दिंड्यांनी दाराची तक्रार केली नाही, ती याच सौजन्यापोटी नव्हे काय? बडवे तेव्हा यजमान होते, आणि यजमानाचे उणे काढायचे नव्हते.

माळकरी : होय, तेच सौजन्य होते. आणि तरीही तुम्ही ते टाकून द्या म्हणालात, तर मी टाकणार नाही; कारण त्याच सौजन्याने तनपुरे महाराजांच्या मठाचे दार गुरुजींसाठी उघडले होते. एकाच वृत्तीतून दोन्ही गोष्टी निघतात, हे मला आज प्रथम इतके स्पष्ट दिसते आहे, आणि त्यांतली एक ठेवून दुसरी कशी वेगळी काढायची, याचे उत्तर मजजवळ नाही.